पुरलेले पेट्रोल : गळक्या टाक्या, गमावलेल्या विहिरी आणि एकमेकांशी न बोललेले दोन कायदे

१/
वर्ष १९९६. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका या समुद्रकाठच्या शहराने आपल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी एकामागून एक बंद केल्या. दुष्काळ नव्हता. विहिरींना पाणी मुबलक होते, पण त्यात पेट्रोलमधील एक रसायन उतरले होते. शहराने आपल्या पिण्याच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा स्रोत गमावला.

२/
हे रसायन कोणी रात्री चोरून ओतले नव्हते. हवा स्वच्छ व्हावी म्हणून केलेल्या कायद्याची अट पाळण्यासाठी ते उघडपणे पेट्रोलमध्ये मिसळले जात होते. ज्या टाक्यांतून ते जमिनीत झिरपले त्या गळतात, हेही त्याच सरकारला दहा वर्षांहून अधिक काळ ठाऊक होते. ही दोन ज्ञाने एकत्र का आली नाहीत, याचा हा इतिहास. #थ्रेड

३/
आरंभ एका गळतीपासूनच होतो. १८८५ साली इंडियानातील फोर्ट वेन या गावी सिल्व्हेनस बाउझर याने रॉकेल मोजून काढणारा पंप तयार केला. त्यामागची कथा अशी सांगितली जाते की, एका वाण्याच्या दुकानात रॉकेलचे पिंप लोण्याच्या पिंपाशेजारी ठेवलेले होते. रॉकेल झिरपले, लोण्याला त्याचा वास लागला आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले. पंपाचा जन्म त्या तक्रारीतून झाला.

४/
मोटारी आल्या तेव्हा पेट्रोल डब्यांतून, पिंपांतून, किराणा दुकानांतून विकले जाई. आगी लागत. उत्तर सरळ होते : साठा जमिनीखाली न्यायचा आणि पंपाने वर ओढायचा. १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ रिफायनिंग कंपनीने पिट्सबर्गमध्ये खास मोटारींसाठी बांधलेला पेट्रोल पंप उघडला. पहिल्या दिवशी ३० गॅलन, म्हणजे सुमारे ११३ लिटर पेट्रोल विकले गेले.

५/
टाकी पुरण्यामागचा विचार चुकीचा नव्हता. मातीखाली ठिणगी पोहोचत नाही, ऊन लागत नाही, रस्त्यावरची जागाही मोकळी राहते. अग्निशमनाच्या दृष्टीने ती खरीखुरी सुधारणा होती. मात्र तिची एक किंमत होती. पिंपाची गळती दुकानदाराला त्याच दिवशी दिसे. पुरलेल्या टाकीची गळती आता कोणालाच दिसणार नव्हती.

६/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका मोटारीवर बसली. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहू लागले आणि चौकाचौकांत पंप आले. १९७० च्या दशकाच्या आरंभी देशात दोन लाखांहून अधिक पेट्रोल पंप होते. बहुतेकांच्या टाक्या एकाच प्रकारच्या : एकपदरी, साध्या पोलादाच्या, गंजापासून कोणतेही संरक्षण नसलेल्या.

७/
ओल्या मातीत पोलाद एकसारखे गंजत नाही. धातूच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो आणि जिथून धातू सुटत जातो तिथे बारीक छिद्र पडते. बाकीची टाकी धडधाकट असते, भोक मात्र आरपार. जोडनळ्यांचे सांधे तर टाकीच्याही आधी दगा देत. महामार्गांच्या भरभराटीत पुरलेल्या टाक्यांचे वय १९७० च्या दशकाच्या अखेरीस एकदमच भरत आले.

८/
मग पंपचालकाला तूट कळत नव्हती का? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. साठा मोजायची पद्धत म्हणजे टाकीत खुणांची काठी बुडवणे. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला चार लिटरांच्या आसपास पेट्रोल जाते. वर्षाला दीड हजार लिटर.

९/
पण पेट्रोल उष्णतेने प्रसरण पावते. ४०,००० लिटरच्या भरलेल्या टाकीचे तापमान एका अंशाने बदलले, तरी आकारमानात सुमारे ३८ लिटरांचा फरक पडतो. म्हणजे एका थंड रात्रीचा फरक आठवडाभराच्या गळतीहून मोठा. काठीवरची नोंद दररोज खरी असे, आणि गळती तिच्यात दररोज लपून जाई.

१०/
जमिनीत गेलेल्या पेट्रोलचे पुढे काय होते? ते आधी मातीच्या कणांना चिकटत खाली उतरते. पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या पातळीवर येऊन तरंगते. तिथून त्याचे विरघळणारे घटक, मुख्यतः बेन्झीन, टोल्युइन आणि झायलीन, पाण्याबरोबर पुढे निघतात. यांपैकी बेन्झीन हे सिद्ध कर्करोगकारक आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा अब्जांशात ५ भाग इतकीच आहे.

११/
भूगर्भ कसा आहे यावर बरेच अवलंबून असते. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी भेगांतून आणि फटींतून वाट काढते, त्यामुळे दूषित पाणी कोणत्या विहिरीत उगवेल हे सांगणे अवघड. याउलट मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड हे हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे भूशिर आहे. तिथे वर सांडलेले जवळजवळ सगळेच खाली जाते. पहिला मोठा धडा तिथेच मिळाला.

१२/
केप कॉडच्या टोकावरील प्रॉव्हिन्सटाउन या गावाला शेजारच्या ट्रूरोमधील विहिरींचे पाणी मिळे. १९७७ साली त्या विहिरींपासून काहीशे फुटांवरील एका पंपाच्या टाकीतून सुमारे ३,००० गॅलन पेट्रोल गळाल्याचे उघड झाले. विहिरी बंद कराव्या लागल्या. गळालेले पेट्रोल अवघ्या एका टँकरमध्ये मावले असते, पण भूजल शुद्ध करण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले.

१३/
ऱ्होड आयलंडमधील रिचमंड या गावी कॅनॉब पार्क ही छोटी वसाहत आहे. घरोघरी स्वतःच्या विहिरी होत्या. जवळच्या पंपांतून झिरपलेले पेट्रोल त्यांत उतरले. पाण्याची अडचण पिण्यापुरती नव्हती. आंघोळीच्या गरम पाण्याबरोबर बेन्झीनची वाफही घरात पसरते. १९८३ साली ‘सिक्स्टी मिनिट्स’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ‘चेक द वॉटर’ या भागात ही कहाणी देशासमोर मांडली.

१४/
पुढच्याच वर्षी कायदा झाला. ८ नोव्हेंबर १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी घातक कचऱ्याविषयीच्या कायद्यातील दुरुस्त्यांवर स्वाक्षरी केली. भूमिगत टाक्या प्रथमच संघराज्याच्या नियंत्रणाखाली आल्या. या विषयाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप ‘लस्ट’ असे होते. त्या शब्दाचा अर्थ ‘वासना’! सरकारी दप्तरांत हा विनोद अनेक वर्षे गंभीर चेहऱ्याने वावरला.

१५/
१९८५ पासून असंरक्षित पोलादी टाक्या पुरण्यास मनाई झाली. १९८६ साली सफाईसाठी निधी उभारला गेला. पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर एक सेंटचा दहावा भाग इतका कर. हा निधी महत्त्वाचा होता, कारण मालकांपैकी पुष्कळ जण एका पंपावर घर चालवणारे होते आणि सफाईचा खर्च पंपाच्या किमतीहून अधिक होई. तेलसंकटाच्या काळात बंद पडलेल्या कित्येक पंपांच्या टाक्या तर मालकाविनाच जमिनीत राहिल्या होत्या.

१६/
जुन्या टाक्यांचे काय? त्या २० लाखांच्या आसपास होत्या. पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८८ साली नियम जाहीर केले आणि दहा वर्षांची मुदत दिली. २२ डिसेंबर १९९८ पर्यंत प्रत्येक टाकी सुधारायची, बदलायची किंवा बंद करायची. मुदत व्यवहार्य होती. पण तिचा दुसरा अर्थ असा की, १९९८ पर्यंत गळक्या टाक्या जमिनीत असणार हे कागदोपत्री मान्य झाले होते. ही तारीख लक्षात ठेवावी.

१७/
आता दुसरी कहाणी, हवेची. १९२० च्या दशकापासून इंजिनाची खटखट थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जात होते. १९७० च्या दशकात शिसे कमी करण्यास आरंभ झाला. त्याची जागा घ्यायला काहीतरी हवे होते. १९७९ पासून अमेरिकेत ते काम मिथिल टर्शरी ब्युटिल ईथर, म्हणजेच एमटीबीई, करू लागले. स्वस्त, तेलशुद्धीकरणाच्या साखळीतच तयार होणारे, पेट्रोलमध्ये सहज मिसळणारे.

१८/
एमटीबीईच्या रेणूत ऑक्सिजन असतो. तो ज्वलन अधिक पूर्ण करतो आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड घटवतो. १५ नोव्हेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्त्यांवर स्वाक्षरी केली. त्यानुसार १९९५ पासून सर्वाधिक धुरकट शहरांत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये वजनाने २ टक्के ऑक्सिजन असणे बंधनकारक झाले. या शहरांत लॉस एंजेलिस आणि पर्यायाने सांता मोनिकाही होते.

१९/
कायद्याने एमटीबीईचे नाव घेतले नव्हते. इथेनॉलही चालले असते. परंतु इथेनॉल मक्याच्या मुलुखातून आणावे लागे आणि ते पाणी ओढून घेत असल्याने तेलाच्या पाइपलाइनमधून नेणे अवघड. कंपन्यांनी बहुतांश ठिकाणी एमटीबीई निवडले. २ टक्के ऑक्सिजनसाठी आकारमानाने सुमारे ११ टक्के एमटीबीई लागे. पूर्वी अल्प प्रमाणात असणारे द्रव्य आता टाकीचा नववा हिस्सा झाले.

२०/
इथे रसायनशास्त्र इतिहासाची दिशा ठरवते. बेन्झीन पाण्यात बेताचेच विरघळते आणि मातीतील जिवाणू ते खातात. कॅलिफोर्नियातील गळत्यांच्या १९९५ मधील एका मोठ्या अभ्यासात दिसले की बहुतेक ठिकाणी बेन्झीन उगमापासून सुमारे २५० फुटांच्या आतच थांबते. एमटीबीई बेन्झीनच्या पंचवीसपट विरघळते, मातीला चिकटत नाही आणि जिवाणू त्याला सहजी तोंड लावत नाहीत. ते पाण्याच्याच वेगाने पाण्याबरोबर जाते.

२१/
माणसाला त्याचा वास आणि चव फार कमी प्रमाणातही कळते. ईपीएने १९९७ साली अब्जांशात २० ते ४० भाग ही पातळी सल्ला म्हणून सांगितली. हिशेब मांडला तर ११ टक्के एमटीबीई असलेले अवघे एक लिटर पेट्रोल सुमारे ४० लाख लिटर पाणी त्या पातळीपर्यंत नेऊ शकते. एमटीबीईने माणसाला कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. पण टर्पेंटाइनसारखा वास येणारे पाणी घरच्यांना कोण देणार?

२२/
हे आधी कोणालाच माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. १९८६ सालीच मेन राज्याच्या पर्यावरण विभागातील शास्त्रज्ञांनी आपल्या राज्यातील दूषित विहिरींवरून निबंध लिहिला होता. एमटीबीई इतर घटकांपेक्षा पुढे धावते आणि काढणे अधिक कठीण जाते, असे त्यांनी नोंदवले. त्यांची शिफारस स्पष्ट होती : एमटीबीई वापरूच नये, किंवा ते असलेले पेट्रोल दुहेरी आवरणाच्या टाकीतच ठेवावे. हा निबंध उद्योगाच्या परिषदेतही मांडला गेला होता.

२३/
आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.
१९८४ : टाक्या गळतात, कायद्याने मान्य.
१९८६ : एमटीबीई गळाले तर आवरत नाही, शास्त्रज्ञांचा इशारा.
१९९० : पेट्रोलमध्ये ऑक्सिजन बंधनकारक करणारा कायदा.
१९९५ : अंमलबजावणी.
१९९८ : जुन्या टाक्या बदलण्याची अखेरची मुदत.
सर्वांत चपळ द्रव्य सर्वांत जुन्या टाक्यांत भरले गेले, तेही त्या बदलण्याच्या तीन वर्षे आधी.

२४/
दोन्ही नियमांची अंमलबजावणी एकच संस्था करत होती : ईपीए. पण हवेचा विभाग वेगळा, टाक्यांचा विभाग वेगळा, कायदे वेगळे, खासदारांच्या समित्या आणि दबावगटही वेगळे. हवेच्या विभागाने धूर मोजला आणि तो खरोखर कमी झाला. टाक्यांच्या विभागाने पोलाद मोजले. त्या टाकीत आता काय भरले जाणार आहे, हा प्रश्न दोघांच्या दप्तरांच्या मधल्या जागेत पडून राहिला.

२५/
आणि १९९६ उजाडले. सांता मोनिकाच्या चारनॉक विहिरी शहराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसच्या भरवस्तीत आहेत. भोवती पेट्रोल पंप आणि पाइपलाइन. तिथे एमटीबीईचे प्रमाण अब्जांशात ६०० भागांच्या पुढे गेले. चारनॉक आणि आर्केडिया ही दोन्ही विहीरक्षेत्रे बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचे भूजल पिणारे शहर दूरच्या नद्यांतून आणलेल्या विकतच्या पाण्यावर अधिक अवलंबून राहू लागले.

२६/
सांता मोनिका एकटे नव्हते. सिएरा नेवाडा पर्वतातील साउथ लेक टाहो येथे सुमारे एक तृतीयांश विहिरी बंद झाल्या. तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने १९९८ साली तेल कंपन्यांवर दावा लावला. २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोतील ज्युरीने एमटीबीई मिसळलेले पेट्रोल हेच मुळात सदोष उत्पादन असल्याचा निर्णय दिला. नंतरच्या तडजोडींतून मंडळाला एकूण ६.९ कोटी डॉलर मिळाले.

२७/
कंपन्यांचा बचाव असा होता की, ऑक्सिजनची सक्ती सरकारने केली आणि गळती पंपचालकांनी होऊ दिली. दोन्ही गोष्टींत तथ्य होते. पण १९९० पूर्वीच उद्योगाला धोका कळला होता का, हा प्रश्न न्यायालयात निर्णायक ठरला. उत्पादकांना अशा दाव्यांपासून कायद्याने संरक्षण देण्याचा प्रयत्न अमेरिकी काँग्रेसमध्ये झाला, तो अखेर फसला. सफाईचे बिल नळाच्या पाणीपट्टीत यायचे की पेट्रोल बनवणाऱ्याच्या ताळेबंदात, हा या वादाचा गाभा होता.

२८/
माघार टप्प्याटप्प्याने झाली. १९९८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अहवालाने सांगितले की नव्या मोटारींत एमटीबीईचा हवेला होणारा लाभ नगण्य आहे आणि पाण्याची किंमत मोठी. मार्च १९९९ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी ते बंद करण्याचा आदेश काढला. आधी २००२ अखेरची आणि मग २००३ अखेरची मुदत ठरली. त्याच वर्षी ईपीएने नेमलेल्या तज्ज्ञमंडळानेही वापर मोठ्या प्रमाणात घटवण्याची शिफारस केली.

२९/
८ ऑगस्ट २००५ रोजी संमत झालेल्या ऊर्जा धोरण कायद्यात एक लक्षणीय योग आढळतो. त्याने ऑक्सिजनची सक्ती काढून टाकली. त्याच कायद्याच्या पुढच्या भागात टाक्यांची दर तीन वर्षांनी तपासणी आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांजवळ नव्या टाक्यांना दुहेरी आवरण यांच्या तरतुदी आल्या. मेनच्या शास्त्रज्ञांनी १९८६ साली एका वाक्यात जोडलेल्या दोन गोष्टी कायद्यात एकत्र यायला १९ वर्षे लागली.

३०/
२००६ पर्यंत एमटीबीई अमेरिकी पेट्रोलमधून जवळजवळ नाहीसे झाले. त्याची जागा इथेनॉलने घेतली. इथेनॉल जिवाणूंना आवडते आणि लवकर संपते. पण ते असेपर्यंत जिवाणू बेन्झीनकडे वळत नाहीत, त्यामुळे बेन्झीन अधिक दूर जाऊ शकते. टाकी गळत राहिली तर आतील द्रव्य बदलून प्रश्न मिटत नाही, त्याचे फक्त रूप बदलते.

३१/
अमेरिकेत आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची अधिकृत नोंद झाली आहे. बहुतेकांची सफाई पूर्ण झाली, कित्येक हजारांची बाकी आहे. चारनॉकच्या विहिरींचे पाणी शुद्धीकरण केंद्र उभारून पुन्हा वापरात आणायला सुमारे दीड दशक लागले. टाकी उकरून काढायला काही दिवस पुरतात. भूजल आपल्या गतीने चालते, आणि ती गती निवडणुकांची किंवा अर्थसंकल्पांची नसते.

३२/
इतिहास म्हणून या प्रकरणाचे मोल खलनायक शोधण्यात नाही. टाकी पुरणाऱ्याने आग टाळली, शिसे काढणाऱ्याने मुलांचे रक्त वाचवले, ऑक्सिजन घालणाऱ्याने धूर घटवला. प्रत्येक निर्णय आपापल्या दप्तरात योग्य होता. दोष दप्तरांच्या मधोमध होता. लोण्याच्या पिंपाशेजारी रॉकेल ठेवू नये, हे फोर्ट वेनच्या गिऱ्हाइकाला चवीने कळले होते. सरकारला तेच कळण्यासाठी एका शहराच्या विहिरी जाव्या लागल्या.

(समाप्त)